शेजारी देशांचं एकच चलन: शक्य आहे का?

मोरजीकर
सोमवार, रात्री १०.२०

नमस्कार मंडळी. गोव्यात मोरजीच्या किनाऱ्यावर आमचा खाण्यापिण्याचा लहानसा शॅक आहे. स्वयंपाकघर सांभाळणारा माणूस नेपाळचा, दांग जिल्ह्यातला. बारा हंगाम झाले त्याला आमच्याकडे. सगळे त्याला दाई (नेपाळीत थोरला भाऊ) म्हणतात, माझी आईसुद्धा.

परवा हंगामाचा हिशेब करायला बसलो होतो. तेव्हा त्याने मोबाइलवर एक फोटो दाखवला. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, आत पाचशेच्या जुन्या नोटा. अठरा. २०१६ च्या पावसाळ्यात घरी गेला तेव्हा आईकडे ठेवून आला होता, लागतील तशा मोड म्हणून. नोव्हेंबरात नोटाबंदी झाली तेव्हा हा माझ्याकडे कांदा चिरत होता आणि नोटा तिकडे. नऊ हजार रुपये. म्हातारीने डबा अजून टाकलेला नाही.

तेव्हापासून डोक्यात एकच प्रश्न आहे. आपल्या एका रुपयाला नेपाळी एक रुपया साठ पैसे, हा भाव मी बारा वर्षं बघतोय. इतक्या वर्षांत एक पैसा हललेला नाही. मग दोन चलनं हवीत कशाला? वाजपेयी पंतप्रधान असताना, २००३ च्या डिसेंबरात, दक्षिण आशियाने खुल्या सीमा आणि एका चलनापर्यंतची आकांक्षा ठेवावी असं जाहीरपणे बोलले होते. युरोपात वीसहून जास्त देश एक नोट वापरतात. मग आपण, नेपाळ, भूतान, श्रीलंका, बांगलादेश का नाही? जाणकारांनी सांगावं. मला खरंच समजून घ्यायचं आहे.

दुचाकी_दूरवर
सोमवार, रात्री १०.४१

भूतानमध्ये जवळजवळ एकच चलन आहे म्हणा ना. दोन वर्षांपूर्वी फुंटशोलिंगहून पारोपर्यंत गेलो, आपली शंभराची नोट सगळीकडे चालली. सुटे मात्र त्यांच्या न्गुल्ट्रममध्ये मिळतात. परत येताना सीमेच्या आपल्या बाजूला, जयगावात, तेच न्गुल्ट्रम देऊन चहा घेतला, टपरीवाल्याने मान वर करूनही पाहिलं नाही. पुढे सिलिगुडीला तीच नोट काढली तर दुकानदार हसला आणि परत दिली.

पर्वरी_एक्सप्रेस
सोमवार, रात्री ११.०५

एवढ्या लहान घासाने काय होणार? ब्रिक्सचं, म्हणजे ब्राझील, रशिया, भारत, चीन, दक्षिण आफ्रिका वगैरे देशांच्या गटाचं चलन येतंय. २०१६ ला बाणावलीत शिखर परिषद झाली तेव्हाच बीज पेरलं गेलं. डॉलरचे दिवस भरले.

हिशेबनीस
मंगळवार, सकाळी ७.५०

मोरजीकर, प्रश्न चांगला आहे. छत्तीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीच परकीय चलनाच्या टेबलावर. सकाळचा चहा घेताघेता लिहितो.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करू. एक म्हणजे बांधलेला दर आणि दुसरी म्हणजे सामायिक चलन. नेपाळने १९९३ पासून आपला रुपया भारतीय रुपयाला १.६० ने बांधला आहे. भूतानने १९७४ मध्ये न्गुल्ट्रम काढला तोच एकास एक. पण ही गाठ त्यांनी एकट्यांनी मारलेली आहे. उद्या सोडायची ठरवली तर ते सोडू शकतात. आपली रिझर्व्ह बँक व्याजदर ठरवते तेव्हा काठमांडूत महागाई किती आहे हे बघत नाही, तशी तिच्यावर जबाबदारीही नाही.

आता ही गाठ टिकते कशी ते बघा. नेपाळ आपल्याकडून पेट्रोल, औषधं, गाड्या, कांदे सगळं घेतो आणि विकतो थोडं. म्हणजे त्यांना भारतीय रुपये सतत कमी पडतात. मग नेपाळ राष्ट्र बँक काय करते? कतार, मलेशिया, दुबईत घाम गाळणाऱ्या त्यांच्या पोरांनी पाठवलेले डॉलर विकते आणि आपले रुपये विकत घेते. तुमच्या दाईला दिसणारा तो न हलणारा १.६० आखातातल्या बांधकामांवरच्या मजुरांच्या खांद्यावर उभा आहे.

सामायिक चलन म्हणजे याच्या पुढची पायरी. एकच मध्यवर्ती बँक, एकच व्याजदर. नोटा छापण्यातून होणारा नफा कसा वाटायचा ते ठरलेलं. आणि एखादा देश बुडायला लागला तर त्याला वर काढायचं कुणी, तेही आधी ठरलेलं. घोडं अडतं ते या शेवटच्या गोष्टीपाशी.

नाणेपेटी
मंगळवार, सकाळी ९.१५

युरोपकडे कशाला जायचं? गोव्याने हा प्रयोग दीडशे वर्षांपूर्वी करून पाहिला आहे, आणि त्याचा पुरावा माझ्या टेबलावर पडलाय.

१८८१ चा एक रुपिया. चांदीचा. एका बाजूला पोर्तुगालचा राजा दों लुईश याचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला राजचिन्ह आणि 'इंडिया पोर्तुगेझा'. पण हे नाणं ना लिस्बनमध्ये पाडलंय, ना गोव्यात. ते ब्रिटिश हिंदुस्थानच्या टांकसाळीतून आलं. तराजूवर व्हिक्टोरिया राणीच्या रुपयाशेजारी ठेवलं तर काटा मध्यावर राहतो, वजन तेच, चांदी तीच.

कारण १८७८ चा इंग्रज-पोर्तुगीज करार. त्यात एक जकातक्षेत्र झालं, सीमेवरची नाकी उठली, मुरगांव बंदराला जोडणाऱ्या रेल्वेचा मार्ग मोकळा झाला आणि नाणं एकसारखं झालं. आज ज्याला आपण आर्थिक संघ म्हणतो त्याची जवळजवळ सगळी कलमं. कागदावर पाहिलं तर झकास.

पण त्याच करारात मीठ होतं. ब्रिटिशांची मिठावर मक्तेदारी होती आणि गोव्यात स्वस्त मीठ पिकलं तर ती कोसळली असती. म्हणून गोव्याच्या मिठावर त्यांचं नियंत्रण आणि त्यांचाच कर आला. बदल्यात पोर्तुगीज सरकारला वर्षाला चार लाख रुपये. पैसे सरकारच्या तिजोरीत गेले आणि मिठागरात उभ्या असलेल्या माणसाच्या पदरी कर आणि शिपायांचा पहारा. असंतोष वाढत गेला आणि १८९२ मध्ये करार संपला. पुन्हा नाकी आली.

रुपिया मात्र राहिला. सोळा तांगांचा एक रुपिया, साठ रेईशांचा एक तांग. पुढे १९५० च्या दशकाच्या अखेरीला तोही गेला आणि एका रुपियाला सहा या हिशेबाने एश्कुदो आले. मुक्तीनंतर भारतीय रुपया. म्हणजे १९५० साली जन्मलेल्या गोंयकाराने बारा वर्षांचा होईपर्यंत तीन चलनं हाताळली, तीही गाव न सोडता.

आगरवाडकर
मंगळवार, सकाळी ९.४०

मिठाचं नाव निघालं म्हणून लिहितोय, एरवी मी फक्त वाचतो. आमचं मिठागर पणज्यापासूनचं. मिठावरच्या पहाऱ्याच्या गोष्टी घरात अजून सांगतात. पणजीबाई रात्री ओच्यात मीठ घेऊन जायची, स्वतःच्याच आगरातलं. ते एका मोठ्या कराराचं कलम होतं हे आज कळलं. नाणेपेटी, देव बरें करूं.

मडगावची_मुक्ता
मंगळवार, दुपारी १२.३०

अंगावर काटा आला वाचून. पणजीबाईंची गोष्ट वेगळी लिहून काढा, आगरवाडकर भाऊ. नक्की.

अहमदी_आसगाव
मंगळवार, दुपारी २.१०

आता आखाताचं ऐका. हाही आपल्याच रुपयाचा इतिहास आहे आणि नव्या पिढीला फारसा माहीत नाही.

माझे वडील १९५६ मध्ये मुंबईहून बोटीने कुवेतला गेले. पहिला पगार भारतीय रुपयांत मिळाला. कुवेत, बहरीन, कतार, दुबई, मस्कत, सगळीकडे बाजारात आपला रुपया चालायचा. तेव्हा गोव्यात भारतीय रुपया अधिकृत नव्हता आणि अरबस्तानात होता, याची वडिलांना शेवटपर्यंत गंमत वाटायची.

मग सोन्याची भानगड झाली. चोरट्या मार्गाने सोनं भारतात यायचं, बदल्यात रुपयांच्या थप्प्या आखातात जायच्या. तिथून त्याच नोटा बँकांमार्फत परत येऊन आपल्याकडे पौंड मागायच्या. परकीय गंगाजळी अशी झिरपायला लागली म्हणून १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने फक्त आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. त्या भारतात चालत नसत. वडिलांनी दहाची एक जपून ठेवली होती, लालसर. मी लहानपणी ती घेऊन म्हापशाच्या बाजारात खाऊ आणायला निघालो होतो आणि मार खाल्ला होता.

१९६१ मध्ये कुवेतने दिनार काढला, १९६५ मध्ये बहरीनने. पण कतार, दुबई अजून रुपयावरच होते. आणि ६ जून १९६६ ला दिल्लीने रुपयाचं अवमूल्यन केलं, डॉलर ४.७६ वरून ७.५०. दुबईतल्या दुकानदाराच्या गल्ल्यातली रक्कम रातोरात आटली. त्याला कुणी विचारलं नव्हतं. काही महिन्यांत तिथे नवा रियाल आला. शेवटी ओमान राहिला होता, तोही १९७० मध्ये गेला.

दिल्लीचा निर्णय तेव्हाच्या अडचणीत बरोबर की चूक, हा वाद वेगळा. पण दुसऱ्याच्या चलनावर विसंबणाऱ्याला निर्णयात जागा नसेल तर तो पहिली संधी साधून निघून जातो.

पर्वरी_एक्सप्रेस
मंगळवार, दुपारी २.३५

सगळे इतिहासात रमलात. ब्रिक्सचं काय?

हिशेबनीस
मंगळवार, सायंकाळी ५.०५

पर्वरी, तुमचा उत्साह आवडतो, पण इथे मी ठाम विरोधात आहे. बाणावलीच्या परिषदेत सामायिक चलन ठरलं नव्हतं. ब्रिक्सने उभं केलं ते २०१४ च्या फोर्तालेझा परिषदेत: एक विकास बँक, मुख्यालय शांघायला, आणि अडचणीच्या वेळेसाठी १०० अब्ज डॉलरची राखीव व्यवस्था. राखीव निधीसुद्धा डॉलरमध्येच मोजलाय, हे बघा. २०२४ च्या अखेरीस ट्रम्प यांनी ब्रिक्सच्या चलनावरून १०० टक्के आयातशुल्काची धमकी दिली, तेव्हा आपल्या परराष्ट्रमंत्र्यांनी स्पष्ट सांगितलं की डॉलर हटवण्याचं धोरण भारताने कधीच घेतलेलं नाही. आणि चीनबरोबर एक मध्यवर्ती बँक? व्याजदर बीजिंगच्या सोयीने ठरले तर तुमच्या गृहकर्जाचा हप्ता कुठे जाईल याचा विचार करा.

तुम्हाला आठवत असेल, बाणावलीच्या परिषदेच्या वेळी बिमस्टेकचे, म्हणजे बंगालच्या उपसागराकडच्या देशांच्या गटाचे नेतेही गोव्यात आले होते. बांगलादेश, म्यानमार, श्रीलंका, थायलंड, नेपाळ, भूतान. मोरजीकरांच्या प्रश्नाचं उत्तर त्या टेबलाच्या जास्त जवळ आहे.

पर्वरी_एक्सप्रेस
मंगळवार, सायंकाळी ५.२०

काका, गृहकर्जाचा हप्ता काढून गप्प केलंत. मान्य.

सत्तरीचा_पाऊस
मंगळवार, रात्री ८.४५

अहमदी_आसगाव यांनी १९६६ सांगितलं. मी १९४९ सांगतो, कारण सार्कच्या, म्हणजे दक्षिण आशियाई देशांच्या गटाच्या, एका चलनाचं स्वप्न बघताना हे साल कुणी आठवत नाही.

फाळणी झाली तेव्हा पाकिस्तानकडे स्वतःची मध्यवर्ती बँक नव्हती. ३० जून १९४८ पर्यंत आपली रिझर्व्ह बँकच दोन्ही देशांचं काम बघत होती. भारतीय नोटेवरच 'गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान' असं इंग्रजीत आणि उर्दूत छापून ती तिकडे वापरात आणली. सीमा आखली, रक्त सांडलं, तरी रुपया काही महिने एकच होता. त्याआधी ब्रह्मदेशाचं चलनही रिझर्व्ह बँकच सांभाळत होती. म्हणजे रंगूनपासून कराचीपर्यंत एकच रुपया चालल्याला शंभर वर्षंही झालेली नाहीत.

सप्टेंबर १९४९ मध्ये ब्रिटनने पौंड उतरवला. भारताने त्याबरोबर रुपया उतरवला, पाकिस्तानने नाही म्हटलं. आता शंभर पाकिस्तानी रुपयांना १४४ भारतीय रुपये. भारताने तो दर मानायलाच नकार दिला. ताग पिकायचा पूर्व बंगालात आणि गिरण्या होत्या हुगळीच्या काठावर. शेतकऱ्याच्या अंगणात ताग पडून, इकडे गिरणीला कच्चा माल नाही. फेब्रुवारी १९५१ मध्ये भारताने दर मान्य केला तेव्हा व्यापाराला वाट मिळाली. तोवर त्यांनी स्वतःच्या गिरण्या उभारायला घेतल्या आणि इकडे आपण ताग लावायला. पिढ्यान्‌पिढ्यांचा एक धंदा दीड वर्षात दोन झाला.

सार्कचं म्हणाल तर शेवटची शिखर परिषद २०१४ ला काठमांडूत झाली. २०१६ ची इस्लामाबादला व्हायची होती, उरीच्या हल्ल्यानंतर रद्द झाली. सदस्य देशांच्या एकूण व्यापारातला जेमतेम पाच टक्के व्यापार एकमेकांशी होतो. बाजारात एकमेकांकडून काही घेतच नाही, तर एक नोट काय कामाची?

काजूबोंडू
मंगळवार, रात्री ९.३०

उलट बाजू मांडतो, कारण माझं पोट यावर आहे. डिचोली तालुक्यात आमचा काजू कारखाना. गोव्याचं बी दोन-अडीच महिन्यांत संपतं, वर्षभर कारखाना चालवायचा तर बेनीन, आयव्हरी कोस्टकडून कच्चं बी आणावंच लागतं.

सौदा कसा होतो सांगतो. ८० किलोच्या गोणीमागे किती पाउंड गर निघेल त्याला आउटटर्न म्हणतात. नमुना कापून, मोजून, ४७ की ४८ यावर घासाघीस. मग टनामागे भाव, डॉलरमध्ये. विकणाऱ्याचा देश डॉलर वापरत नाही, माझाही नाही. तरी मधे डॉलर. सौदा ठरल्यापासून जहाज लागेपर्यंत दीड-दोन महिने, तेवढ्यात रुपया दीड रुपयाने घसरला की माझी मजुरी त्यात गेली. गेल्या खेपेला असंच झालं. सोलायला बसलेल्या चाळीस बायकांना मी काय सांगू, की डॉलर वर गेला?

आणि हो, त्या पश्चिम आफ्रिकेत आठ देशांचं एकच चलन आहे, सीएफए फ्रँक. १९४५ पासून. आज ६५५.९५७ ला एक युरो, ठरलेलं. माझा तिकडचा दलाल सांगतो, बेनीनचा व्यापारी टोगोतून, आयव्हरी कोस्टमधून खरेदी करतो तेव्हा हिशेब एकाच नोटेत, भावाचं भय नाही. ही सोय खोटी नाही. गरीब देशांना जमत नाही असं म्हणू नका.

सत्तरीचा_पाऊस
मंगळवार, रात्री ९.५५

जमतं, पण फ्रान्सच्या हमीवर. त्यांच्या गंगाजळीचा निम्मा भाग अनेक वर्षं फ्रान्सच्या खजिन्यात ठेवावा लागत होता. तिथल्या तरुणांचा राग त्यावरच आहे. त्याऐवजी 'इको' हे चलन आणायचं ठरलं, २०२० ची तारीख गेली, आता २०२७ म्हणतात.

तिजोरी कुणाच्या गावात, हा प्रश्न गोंयकारांना नवा नाही. १९६१ च्या डिसेंबरात इथल्या लोकांनी गहाण ठेवलेले दागिने लिस्बनला गेले ते परत यायला १९९१ उजाडलं. बायकांची मंगळसूत्रं तीस वर्षं परक्या देशात. ज्याच्या हातात किल्ली त्याच्यावर विश्वास नसेल तर चलन एक होत नाही.

काजूबोंडू
मंगळवार, रात्री १०.०२

हे मान्य. पण सत्तरीभाऊ, भीती मोजत बसलो तर डॉलरच्या किल्लीवर तरी आपला कुठे हात आहे? ती तर समुद्रापलीकडे आहे.

संपादक मंडळ
मंगळवार, रात्री १०.३०

चर्चा छान चालली आहे. नोटाबंदी चूक की बरोबर यावरचे तीन प्रतिसाद काढले आहेत, त्यासाठी जुना धागा आहे.

मडगावची_मुक्ता
बुधवार, सकाळी ११.००

मी शाळेत अर्थशास्त्र शिकवते. रॉबर्ट मंडेल यांनी चलन कुठे एक करावं यावर १९६१ मध्ये निबंध लिहिला, त्याच कामासाठी पुढे १९९९ चं नोबेल. त्यांचा मुद्दा मी बारावीच्या मुलांना असा सांगते. दक्षिण गोव्यातल्या सासष्टीत मासळी मिळेनाशी झाली आणि उत्तरेकडच्या बार्देशात हॉटेलांचा हंगाम जोरात असला, तर सासष्टीचा माणूस बस पकडून बार्देशात जातो. म्हणून दोन्हीकडे एक चलन चालतं. माणूस जाऊ शकत नसेल तर मात्र निदान चलन तरी वेगळं हवं, म्हणजे भाव खाली येऊन माल खपेल.

या कसोटीवर मोरजीकरांचा दाई बघा. नेपाळशी १९५० चा तह आहे, दांगचा माणूस व्हिसा न घेता मोरजीत येऊन काम करतो. मंडेल यांची अट नेपाळ आणि भूतान यांच्याबाबत बरीचशी पुरी होते. ढाका किंवा कोलंबोच्या माणसाबाबत नाही. म्हणून 'दक्षिण आशिया' असा एक गठ्ठा करून उत्तर देता येणार नाही असं मला वाटतं.

आणि युरोची दुसरी बाजू घरात पाहिली आहे. माझा दीर लिस्बनला असतो. पूर्वी पोर्तुगाल अडचणीत आला, १९७७ आणि १९८३ मध्ये नाणेनिधीकडे गेला, तेव्हा एश्कुदो खाली आणून सावरता आलं. युरोत गेल्यावर २००.४८२ एश्कुदोंचा एक युरो, कायमचा. २०११ मध्ये ७८ अब्ज युरोंची मदत घ्यावी लागली तेव्हा चलन खाली आणता येईना, मग पगार खाली आणले. सरकारी नोकरांचे नाताळचे आणि सुट्टीचे जादा पगार कापले. माझी जाऊ तिथे सरकारी शाळेत आहे. त्या वर्षी फोनवर म्हणाली, यंदा घरी येत नाही, तिकीट परवडत नाही. तरीही युरो सोडावा असं दोघांनाही वाटत नाही, हेही सांगायला हवं. ग्रीसमध्ये २०१५ ला एटीएममधून दिवसाला ६० युरोच मिळत होते, तरी तेही राहिले.

दुचाकी_दूरवर
बुधवार, दुपारी १२.१५

निदान नावावरून भांडण नको. भारत, पाकिस्तान, नेपाळ, श्रीलंका, मॉरिशस, सेशेल्स, सगळीकडे रुपयाच. मालदीवचा रुफिया, इंडोनेशियाचा रुपिया, आणि नाणेपेटींच्या टेबलावरचा तर आहेच. बारसं झालेलं आहे, लग्नाचं बघा.

नाणेपेटी
बुधवार, दुपारी १२.२०

बारसं शेरशहाने केलंय. पण नोटेवर चित्र कुणाचं? हिमालय घाला, कुणी नाही म्हणणार नाही.

अहमदी_आसगाव
बुधवार, दुपारी १२.४०

मालदीव म्हणेल, आमच्याकडे टेकडीसुद्धा नाही, समुद्र घाला!

हिशेबनीस
बुधवार, सायंकाळी ६.३०

मुक्ताताई, सासष्टी-बार्देशचं उदाहरण फार आवडलं.

एक चलन दूर असलं तरी सहकार्य चालू आहे, ते लोकांना दिसत नाही. १९७४ मध्ये एशियन क्लिअरिंग युनियन स्थापन झाली, मुख्यालय तेहरानला. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, श्रीलंका, इराण, म्यानमार, भूतान, मालदीव. तत्त्व गावच्या किराणा दुकानाचं. मी तुझ्याकडून नारळ घेतले, तू माझ्याकडून तांदूळ घेतले, रोज पैसे कशाला मोजायचे? दर दोन महिन्यांनी वजाबाकी करू, उरेल तेवढंच देऊ. डॉलर कमी लागतात.

२०१२ पासून रिझर्व्ह बँकेची सार्क देशांसाठी चलन-अदलाबदलीची सोय आहे, म्हणजे अडचणीत त्यांचं चलन ठेवून घेऊन काही काळ परकी चलन द्यायचं, दोन अब्ज डॉलरपर्यंत. तिचा खरा अर्थ २०२२ मध्ये कळला. श्रीलंकेत पेट्रोलच्या रांगेत माणसं मरत होती, शाळांच्या परीक्षेला कागद नव्हता. त्या वर्षी भारताने ४० कोटी डॉलरची अदलाबदल दिली, क्लिअरिंग युनियनच्या थकलेल्या देण्याला मुदत दिली, इंधन आणि अन्नासाठी कर्जं दिली, सगळं मिळून सुमारे चार अब्ज डॉलर. २०२४ मध्ये त्या सार्क सोयीत रुपयांचा वेगळा कप्पा आला, २५ हजार कोटींचा. त्याच वर्षी ऑक्टोबरात मालदीवला ४० कोटी डॉलर आणि तीन हजार कोटी रुपये.

तरी सामायिक चलनाला माझा आज होकार नाही, कारण आकार. सार्कच्या एकत्र उत्पन्नातला जवळपास चार-पंचमांश वाटा एकट्या भारताचा. मध्यवर्ती बँकेत आकाराप्रमाणे मतं दिली तर बाकीचे पाहुणे ठरतात, एक देश एक मत म्हटलं तर आपल्या संसदेला ते चालणार नाही. दक्षिण आफ्रिकेने याच्यावर मधला मार्ग काढला आहे. लेसोथो आणि नामिबियात रँड चालतो, त्यांचं स्वतःचं चलनही बरोबरीने चालतं, आणि रँड वापरल्याबद्दल नोटा छापण्याच्या नफ्यातला वाटा दक्षिण आफ्रिका त्यांना देते. नेपाळ-भूतानशी बोलताना आपण इथून सुरुवात करावी. आपली नोट त्यांच्या घरात चालते म्हणजे ते आपल्याला बिनव्याजी उसने देतात, एवढं तरी आपण मान्य करायला हवं.

आणि काजूबोंडू, तुमच्यासाठी. जुलै २०२२ पासून परदेशी व्यापार रुपयांत चुकता करायची परवानगी आहे. समोरच्या देशाच्या बँकेने इथल्या बँकेत खास व्होस्ट्रो खातं उघडायचं. अडचण एकच, समोरच्याला रुपये मिळाल्यावर त्याने आपल्याकडून काहीतरी घेतलं पाहिजे. रशियाने तेल विकलं आणि रुपये साठून राहिले, हे झालंच. तुमच्या बेनीनच्या माणसाला भारतीय तांदूळ हवा असतो ना? बँकेत विचारून बघा.

काजूबोंडू
बुधवार, सायंकाळी ७.१०

तांदूळ हवाच असतो, बेनीन आपला मोठा गिऱ्हाईक आहे. उद्याच बँकेत जातो.

मोरजीकर
बुधवार, रात्री ११.३०

सगळं दोनदा वाचलं. एवढं उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. माझा मूळ प्रश्न आता थोडा बदललाय. एक चलन कधी येईल ते येवो, दाईने या महिन्याचे पैसे कसे पाठवायचे? तो दरवर्षी रोख अंगावर बांधून तीन दिवस प्रवास करतो. आणि त्या अठरा नोटांचं काही होण्यासारखं आहे का, काका?

हिशेबनीस
गुरुवार, सकाळी ७.१५

नोटांचं आधी सांगतो, स्पष्ट. नेपाळमध्ये अडकलेल्या जुन्या नोटांचा प्रश्न दोन सरकारांमध्ये अनेक वर्षं रेंगाळला, सामान्य माणसाच्या हाती काही लागलं नाही. आणि त्याला त्या इकडे आणू देऊ नका. २०१७ च्या कायद्याप्रमाणे जुन्या नोटा दहापेक्षा जास्त बाळगणं भारतात दंडाचं काम आहे. अठरा म्हणजे आठ जास्त.

पैशाचं मात्र सोपं आहे. भारत-नेपाळ रेमिटन्स योजना २००८ पासून आहे. इथल्या बँकेतून एनईएफटीने पैसे जातात, तिकडे नेपाळी रुपयांत मिळतात. मर्यादा २०२१ मध्ये दोन लाखांपर्यंत वाढवली. त्याचं ओळखपत्र आणि आईचा तिकडचा तपशील घेऊन शाखेत जा. काउंटरवरच्या मुलाला माहीत नसेल तर मॅनेजरला भेटा, योजनेचं पूर्ण नाव सांगा.

नाणेपेटी
गुरुवार, सकाळी ९.००

नाण्यांच्या अभ्यासकाला पंचवीसपर्यंत ठेवायची मुभा आहे, पण सीमेपलीकडून आणणं मीही सुचवणार नाही. डबा आईकडेच असू द्या.

मोरजीकर
शनिवार, सायंकाळी ४.४०

काल दाईला घेऊन म्हापशाला गेलो. काउंटरवर खरंच माहीत नव्हतं, मॅनेजरबाईंनी स्वतः उठून फॉर्म काढून दिला. बारा हजार पाठवले. आज दुपारी घोराहीहून फोन आला, मी शेजारीच उभा होतो. आईने मोजले, एकोणीस हजार दोनशे. बाजारातल्या माणसाकडून पुन्हा मोजून घेतले, बरोबर निघाले.

मग तिने दाईला विचारलं, डब्यातल्या नोटांचे पण असेच येतील का? तो काहीच बोलला नाही. मासळी यायची वेळ झाली होती, फोन माझ्या हातात दिला आणि आत गेला. मी त्यांना माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं की नाही येणार. त्या म्हणाल्या, ठीक छ, राखेर छोड्छु. ठेवून देते.